जाळ्याचा हिस्सा

४ जुलै, शुक्रवार

पट २३, हजर १८. दुपारपर्यंत पाऊस. पोषण आहारात वरण-भात. पाचही वर्ग एकाच खोलीत बसवले, कारण दुसऱ्या खोलीचं छत गळतं आणि शिकवणारा मी एकटाच आहे. दुसऱ्या शिक्षकाची मागणी पाठवली आहे. साडेचारला शाळा बंद केली.

शाळेचं लॉगबुक मी असंच लिहितो. हे लॉगबुक नाही. ही डायरी शिक्षक पतसंस्थेने जानेवारीत दिली होती, दोघांना दोन. माझी बैठकांच्या नोंदींत संपत आली. ही रंजीताची. तिने पहिल्या पानावर नाव घातलं आहे, बाकी कोरी आहे.

ती २१ मे रोजी गेली. आदल्या दिवशी डोकं दुखतं म्हणाली होती. गोळी घेतली, दुपारी स्वयंपाकघरात पडली. गडचिरोलीला नेलं, पण शुद्धीवर आली नाही.

नऊ वर्षं आम्ही दोघं याच शाळेत होतो. पहिली-दुसरी आणि मुख्याध्यापकाचे कागद माझ्याकडे, वरचे तीन वर्ग तिच्याकडे, कारण गणित तिचं चांगलं होतं. मुलगी नागपूरला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही बोलत नाही, तर निदान लिहा. रोज लिहिण्यासारखं काही नसतं. असेल तेव्हा लिहीन.

७ जुलै, सोमवार

केंद्रावर मुख्याध्यापकांची बैठक. सुरुवातीला रंजीतासाठी दोन मिनिटं सगळे उभे राहिले. दुसऱ्या मिनिटाला कुणाचा तरी फोन वाजला. मग सगळे बसले आणि समान चाचणीचा विषय निघाला.

आमच्या तालुक्यात तीन वर्षांपासून ही चाचणी आहे. सगळ्या शाळांना एकच पेपर, एकाच दिवशी, आणि तपासायला एकच उत्तरसूची. निकालावरून शाळांची यादी लागते, हिरवी, पिवळी, लाल. आमची शाळा दोन वर्षं पिवळ्यात होती. यंदा हिरव्यात आली. त्याबद्दल माझ्याशी चौघांनी हात मिळवला.

पाचवीच्या मुलींना याच गुणांवर तालुक्याच्या निवासी शाळेत सहावीला जागा मिळते. तिथे बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं होतं. आमच्या गावातून अजून एकही मुलगी तिथे गेलेली नाही.

उठताना केंद्रप्रमुखांनी मला थांबवलं. "गुरुजी, निवासी शाळेत एक जागा रिकामी झाली. निवड झालेली एक मुलगी आलीच नाही. ३१ तारखेपर्यंत भरायची आहे. तुमची एक थोडक्यात राहिली होती ना?"

उर्वशी. मासे धरणाऱ्या मनसारामची नात. ५० पैकी ३९. निवड ४० वर थांबली. ३९ वर तिघी आहेत आणि जन्मतारखेप्रमाणे उर्वशी तिसरी.

मी म्हणालो, "हो, थोडक्यात." येताना बस नव्हती, दुधाच्या गाडीने आलो.

९ जुलै, बुधवार

तिसरीचं तोंडी गणित घेतलं. सोनूला विचारलं, "झाडावर सात बगळे बसले होते, तीन उडाले. किती राहिले?"

ती माझ्या टेबलाकडे बघायला लागली. "सूचीत काय हाय, गुरुजी?"

"कसली सूची?"

"उत्तराची. पहिले सूची पाहा ना तुमी. मंग सांगीन."

मला वाटलं बाकीची मुलं हसतील. कुणी हसलं नाही. सगळी टेबलाकडेच बघत होती.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही सराव पेपरांशिवाय काही घेतलं नाही. मी वडशाहून चाळीस पेपरांच्या झेरॉक्स आणल्या होत्या. रंजीता दर शनिवारी मुलांना तलावाच्या पाळीवर न्यायची. पाळ पावलांनी मोजायला लावायची, पाखरं मोजायला लावायची, आल्यावर त्याची गणितं करायची. चाचणी होईपर्यंत ते बंद ठेव, असं मी जानेवारीत सांगितलं. "दोन महिने?" असं तिने विचारलं. मी म्हणालो, दोनच महिने. तिने मान हलवली. आमच्यात वाद होत नसत.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. मुलांनी फुलं आणली. चौथीच्या मुलींनी काही फुलं न विचारता रंजीताच्या खुर्चीवर नेऊन ठेवली. शाळा सुटल्यावर मी कपाट उघडून एप्रिलचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला.

उर्वशीची गणिताची पत्रिका. प्रश्न १४: 'तीन मित्रांनी मिळून १२ मासे पकडले. ते सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती मासे मिळतील?' गुण २. आपल्या भागातल्या मुलांना ओळखीचं वाटावं म्हणून पेपर काढणाऱ्यांनी यंदा आंब्यांऐवजी मासे घातले होते.

उर्वशीने खाली चार गोल काढले आहेत. तिघांत माणसं आणि चौथ्यात आडव्या-उभ्या रेघा. प्रत्येक गोलात तीन ठिपके. उत्तर ३.

रंजीताने लाल पेनाने बरोबरची खूण करून दोन गुण दिले आहेत. फेरतपासणी मुख्याध्यापकाची असते, हिरव्या शाईने. हिरव्या शाईत ते दोन कापलेले आहेत आणि शेजारी शून्य आहे.

ते बोलणं मला जवळजवळ शब्दशः आठवतं. आम्ही घरी पडवीत बसलो होतो.

"हे चौथं काय आहे?" मी विचारलं.

"जाळं."

"जाळं?"

"यांच्यात जाळ्याचाही हिस्सा असतो. तिनं बाराचे चार वाटे केले. बरोबर केले."

"पेपरात जाळं कुठे आहे?"

"मग मासे काय हातानं पकडले?"

"सूचीत चार आहे."

"तुम्हाला पाहायचं काय आहे? पोरीला भागाकार येतो का ते, की सूचीत काय आहे ते?"

मी म्हणालो, एका मुलीसाठी सूची सोडली तर उद्या दुसरी शाळा आपलं उदाहरण देईल. तिने पेनाला टोपण लावलं. मी गुणपत्रकावर ३९ लिहिलं. तपासणाऱ्या शिक्षिकेच्या जागी तिने सही केली, आकड्याकडे न बघता.

यादी ४० वर थांबेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मेच्या पहिल्या आठवड्यात यादी मोबाईलवर आली. तिने मला वाचून दाखवली, फोन ठेवला आणि भाजी चिरायला बसली. त्यानंतरचे पंधरा दिवस भांडण असं काही नव्हतं. पाणी आलं का, सिलिंडर सांगायचा आहे, हे सगळं बोलणं होत होतं.

११ जुलै, शुक्रवार

केंद्रप्रमुखांना फोन लावला. शाळेत रेंज फक्त स्वयंपाकाच्या शेडपाशी येते. गिरजाबाई तिथे तांदूळ निवडत होती. ती उर्वशीची आई. शाळेचा पोषण आहार तीच शिजवते. मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवावा लागतो.

मी प्रश्न १४ बद्दल सांगितलं.

"सूचीच्या बाहेर मला जाता येत नाही, गुरुजी," ते म्हणाले. "पण बेरजेची चूक दुरुस्त होते."

"बेरीज बरोबर आहे."

"अहो, मी काय म्हणतो ते समजून घ्या. अर्ज करा, की तपासणाऱ्या शिक्षिकेकडून बेरजेत दोन गुण सुटले. ४१ होतात. मुलगी सरळ वर जाते. उत्तरपत्रिका कोणी मागत नाही. अर्ज आणि गुणपत्रक, बस. बाईंची सही आहेच. आणि आता... म्हणजे, त्यांना काही नोटीस निघायची नाही. पोरीचं भलं होऊन जाईल."

"तिच्या बेरजा कधी चुकल्या नाहीत."

"मला माहीत नाही का, गुरुजी."

मी विचार करतो म्हणालो आणि फोन ठेवला. गिरजाबाई मान खाली घालून तांदूळ निवडत होती.

माणूस वाईट नाही. पण मेलेल्या माणसावर चूक टाकायची, आणि तीही रंजीतावर, हे त्यांनी इतक्या सहज सुचवलं, याचा दिवसभर त्रास झाला.

१३ जुलै, रविवार

सकाळी नाल्याकडे गेलो. नऊ वर्षं या गावात राहतो, इथले मासे खातो, पण मासे धरतात तिथे कधी गेलो नव्हतो.

मनसाराम आणि दोन जण जाळं झटकत होते. उर्वशी पळसाची पानं मांडत होती. मनसारामने मला पाहून डोक्याचा रुमाल काढला. "गुरुजी, तुमी? इथी? मासोळ्या पाहिजे होत्या त पोट्टीच्या हाती धाडल्या असत्या."

मी म्हणालो, सहज आलो.

मासे लहान-मोठे होते. उर्वशीने आधी मोठे वेगळे केले, मग मधले, मग बारीक. चार पानांवर एकेक टाकत गेली. दोन मोठे उरले, तर ज्या दोन पानांवर ते पडले नाहीत तिथे तिने बारीक ओंजळीने जास्त घातले. कुणी बोललं नाही, कुणी मोजलं नाही. झाल्यावर तिघांनी नुसती नजर फिरवली आणि आपापलं पान उचललं. चौथं पान मनसारामच्या टोपलीत वेगळं गेलं.

"हे जाळ्याचं," तो म्हणाला. "यंदा जाळं माह्या घरचं होय. मागच्या साली बुधूचं होतं, त त्याच्या घरी जाये."

"जाळ्याला कशाला?"

तो हसला. "जाळं फाटते, गुरुजी. त्याले सूत लागते. रुखमा बुढी विणून देते, तिले खायाले लागते. जाळ्याले नाई देल्लं त उद्या नाल्यावर काय घेऊन जासान? धोतर?"

बाकीचे दोघं खूप हसले. मीही हसलो.

उर्वशीला बाजूला विचारलं, "चाचणीत तो माशांचा प्रश्न होता. चार हे उत्तर तुला सुचलं नव्हतं का?"

"सुचलं होतं."

"मग तीन का लिहिलंस?"

"तिघायनं पकडले म्हन्ते, त जाळं कोणाचं तरी असनच ना, गुरुजी." ती पानांचे देठ गोळा करत होती. मग म्हणाली, "बाईनं टिक केली होती ना पहिले? माह्या वर्गातल्या चंदानं सांगतलं. ती बाईच्या घरी गठ्ठा उचलाले आली होती."

मी हो म्हणालो.

"मंग बरोबर होतं," ती म्हणाली आणि देठ नाल्यात टाकायला गेली.

१५ जुलै, मंगळवार

पट २३, हजर २१. गिरजाबाईने डब्यात मरळ मासळीचा रस्सा आणून दिला. मरळ हे लोक घरी खात नाहीत, विकतात. बाईंच्या आठवणीने आणला असेल. मी नको म्हणालो, तरी टेबलावर ठेवून उभी राहिली.

"काही काम होतं का?"

"नाई, गुरुजी. आज तारीख कोणती होय?"

"पंधरा."

ती गेली. रस्सा चांगला होता. डबा धुऊन परत केला.

अर्जाचं ठरत नाही. एकदा वाटतं लिहून टाकावं. मग वाटतं, एकवीस वर्षांच्या नोकरीत तिच्या सेवापुस्तकात एक वाकडा शेरा नाही. ती उत्तर द्यायला नाही म्हणून मी तो लिहायचा का?

१६ जुलै, बुधवार

गिरजाबाईने आज पुन्हा तारीख विचारली. बहुतेक बचत गटाची बैठक असावी.

१७ जुलै, गुरुवार

अर्ज लिहिला. चार वेळा कच्चा केला, मग पक्का. खरं तेच लिहिलं. प्रश्न १४ चे दोन गुण शिक्षिकेने योग्य विचार करून दिले होते. ते मी, मुख्याध्यापक, स्थानिक पद्धत माहीत नसताना कापले. मुलीचा भागाकार अचूक आहे. चूक माझी आहे, शिक्षिकेची नाही. तरी मूळ गुण ग्राह्य धरून जागेसाठी विचार व्हावा. सोबत उत्तरपत्रिकेची प्रत जोडली.

लिहून झाल्यावर हलकं वाटलं. रंजीताला हे आवडलं असतं. तिला जे म्हणायचं होतं ते शेवटी कागदावर आलं, आणि माझ्या सहीने आलं.

१८ जुलै, शुक्रवार

सकाळी तालुक्याला जाऊन अर्ज दिला, पोच घेतली. अकराला शाळेत परत. गिरजाबाई चुलीपाशी होती. तिला सांगायला हवं असं वाटलं, म्हणून शेडमध्ये गेलो.

"उर्वशीच्या जागेसाठी अर्ज दिला आहे."

ती एकदम उभी राहिली. "देल्ला?"

"सगळं खरं लिहिलं. गुण मीच कापले होते, माझी चूक झाली, असं स्पष्ट लिहिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बाईचं नाव नाई टाकलं?"

"नाही. त्यांची काही चूकच नव्हती."

"हो," ती म्हणाली. "बाईची कायची चूक." मग बसली आणि डब्यातून मीठ काढून वरणात टाकलं.

नावाचं तिला कसं सुचलं, कळलं नाही. जेवण आज फार खारट झालं. असं कधी होत नाही. मुलांनी दोन वेळा पाणी भरून आणलं.

२५ जुलै, शुक्रवार

उत्तर आलं. 'उत्तरसूचीनुसार मूल्यमापन योग्य असल्याने गुणांत बदल करता येणार नाही. मुख्याध्यापकांनी यापुढे उत्तरसूचीबाबत अशी भूमिका घेऊ नये.' दोनच ओळी.

यात अन्याय आहे असंही म्हणता येत नाही. एप्रिलमध्ये मी हेच म्हणालो होतो, जवळजवळ याच शब्दांत.

२६ जुलै, शनिवार

शाळा सुटल्यावर मनसारामच्या घरी गेलो. तो जाळं टांगत होता. गिरजाबाई आत होती. मी ओसरीवर बसून कागद वाचून दाखवला. मनसाराम म्हणाला, "तुमी येवढी धावपळ केली, गुरुजी. कोण करते."

गिरजाबाई बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"मी फोनवरचं आयकलं होतं, गुरुजी. त्या साहेबाचं. बाईचं नाव टाका म्हणे, जागा होते म्हणे."

मी कागदाची घडी घातली.

"तुमचं मानूस गेलं. तुमाले मी कोण्या तोंडानं म्हनू, का बाईवर टाका म्हनून? म्या तारीख विचारत राह्यली. म्हटलं, गुरुजीले ध्यान राहीन."

"गिरजे, चूप," मनसाराम म्हणाला.

"चूपच त होती पंधरा दिवस." ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "कागदावरचा बोल बाईले लागते का आता? त्या असत्या त हासत लिवून देल्लं असतं, घ्या, चुकली मी म्हनून. पोट्टीची जागा झाली असती. तुमाले काऊन जड गेलं?"

मी एवढंच म्हणालो, "तिचं नाव..."

उर्वशी घरात होती. बाहेर आली नाही. मनसारामने चहा केला, मी प्यालो.

घरी येऊन अर्जाचा कच्चा मसुदा पुन्हा वाचला. त्यात 'मी', 'मला', 'माझी' असे शब्द अकरा वेळा आले आहेत. मोजले. उर्वशीचं नाव दोनदा आहे.

२८ जुलै, सोमवार

अर्धी रजा टाकली. नवा अर्ज लिहून नेला, केंद्रप्रमुखांनी सांगितला होता तसा. 'तपासणाऱ्या शिक्षिकेकडून बेरजेत दोन गुण सुटले.' रंजीताचं पूर्ण नाव लिहिताना हात थांबला नाही. थांबेल असं वाटलं होतं.

त्यांनी वाचला आणि दार लोटून घेतलं.

"गुरुजी, हे आता कसं चालेल? दहा दिवसांपूर्वी तुम्हीच लेखी दिलं, की गुण तुम्ही कापले. शिक्षिकेची चूक नाही असंही लिहिलंत. उत्तरपत्रिका जोडली. ती फाइलला लागली आहे. आता म्हणता बेरीज चुकली."

"पहिला अर्ज मागे घेतो."

"आवक नंबर पडलाय त्याला. हे पुढे पाठवलं तर तुमच्यावरच चौकशी लागेल. आणि मुलीला तरी काय मिळणार?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी रस्ता सांगितला होता. तेव्हा का नाही ऐकलंत?"

मी म्हणालो, "माझ्या लक्षात आलं नाही."

"पाणी घ्या," ते म्हणाले.

बस दीड तास उशिरा आली. स्टँडवर बसून राहिलो. एप्रिलमध्ये एक साधं उत्तर माझ्यासमोर होतं आणि मी सूची धरून बसलो. जुलैमध्ये दुसरं समोर आलं, तेव्हाही बरोबर काय, नियमाला धरून काय, हेच बघत बसलो. पोरीचं काय होईल हा प्रश्न रंजीताने दोन्ही वेळा पहिला विचारला असता. दुसऱ्या वेळी ती नव्हती, तर तो गिरजाबाईने विचारला, तारखेच्या रूपाने, रोज. मला वाटलं बचत गट आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

जागा भरल्याचं कळलं. ३९ वरची पहिली मुलगी. कुठल्या गावची ते विचारलं नाही. तिचं चांगलं होवो.

पट २३, हजर १३. भाताचे रोवणे सुरू आहेत, मोठी मुलं शेतात.

५ ऑगस्ट, मंगळवार

शाळेत येताना भाताच्या बांधीत बायकांच्या रांगेत उर्वशी दिसली, गुडघाभर चिखलात. रोपांची जुडी सोडून एकेक रोप लावत होती. तिचा वेग बाकीच्या बायकांइतकाच होता. मला पाहून हात वर केला. मीही केला.

सहावीसाठी सर्वांत जवळची शाळा सात किलोमीटरवर आहे, मध्ये नाला आहे. मनसाराम तिला दोन दिवस घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी नाल्याला पूर होता. मग रोवणे लागले.

७ ऑगस्ट, गुरुवार

समान चाचणीचं यंदाचं वेळापत्रक आलं. सोबत सराव पेपरांचे नमुने, झेरॉक्स काढून वाटावेत अशी सूचना. तिसरी ते पाचवीत मिळून चौदा मुलं आहेत. कागद टेबलावर ठेवला. दुपारी सोनूला बगळ्यांचं तेच गणित पुन्हा घातलं आणि टेबलावरचं सगळं कपाटात ठेवून रिकाम्या टेबलापाशी उभा राहिलो. तिने बराच वेळ घेतला. चार म्हणाली. बरोबर की चूक ते मी लगेच सांगितलं नाही. ती रडवेली झाली. मग सांगितलं.

हे असं किती दिवस करावं लागेल माहीत नाही. नमुने परत पाठवण्याची माझ्यात हिंमत नाही. झेरॉक्स काढायला वडशाला अजून गेलेलो नाही, एवढंच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पट २३, हजर १९. दिवसभर झड. शाळा सुटताना मनसाराम आला. उर्वशीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. निवासी शाळेच्या आशेवर तो नेलाच नव्हता. वडशाला तिची मावशी राहते, तिथे पाठवतात. मावशीच्या घरी लहान मूल आहे. ते सांभाळून शाळा करेल, असं म्हणाला.

"शाळेत नाव घालतील ना?"

"घालतो म्हन्ते," तो म्हणाला. खाली बसला नाही. अंगातून पाणी गळत होतं म्हणून दारातच उभा राहिला.

मी रजिस्टर काढून दाखला लिहायला घेतला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी. वर्तणूक, चांगली. 'अभ्यासातील प्रगती' या रकान्यात आम्ही बहुतेकांना 'समाधानकारक' लिहितो. मी 'उत्तम' लिहिलं. शिक्का मारला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

मनसारामला वाचता येत नाही. पिशवीतूनच अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "पोट्टीच्या अभ्यासाचं काय लिवलं, गुरुजी?"

"उत्तम लिहिलं."

"म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांत चांगली."

त्याने मान हलवली. कागद बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, वरून रुमाल दाबला. पायरी उतरला आणि थांबला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होता.

"मंग जागा काऊन नाई भेटली?"

मी म्हणालो, "माझ्यामुळे."

पावसात त्याला ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. "येतो, गुरुजी," म्हणाला आणि गेला.

मी रजिस्टर ठेवलं, खिडक्या लावल्या. बाहेर आलो तर पावसाच्या आडोशाला गावच्या शेळ्या व्हरांड्यात शिरून बसल्या होत्या. त्यांना हाकललं. लेंड्या खराट्याने झाडून काढल्या, हापशावरून दोन बादल्या पाणी आणलं आणि फरशी धुतली.